सुई वेगळी, चमचा एकच: एका जोडप्याचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका जोडप्याचं नाही. एकत्र राहणाऱ्या आणि एकत्र टोचून घेणाऱ्या जोडप्यांच्या बाबतीत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या गुंफून ते मांडलं आहे. म्हणून यात नावं नाहीत. तो, ती आणि सुई-बदल केंद्रातल्या (वापरलेली सुई घेऊन नवी देणाऱ्या केंद्रातल्या) समुपदेशक ताई, एवढीच माणसं. औषधं, चाचण्या, मुदती आणि अभ्यासांचे आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत. एचआयव्ही टाळण्याचे आपले बहुतेक सल्ले एकेकट्या माणसाला उद्देशून असतात आणि सुई पुष्कळदा दोघांमध्ये असते. त्या फटीतून काय काय निसटतं, ते या प्रकरणात नीट दिसतं.

ती २८ वर्षांची, तो ३६. तीन वर्षं एकत्र राहतात. दोघंही हेरॉइन टोचून घेतात. तो बऱ्याच वर्षांपासून; ती आधी नुसती ओढायची, त्याच्याबरोबर राहायला लागल्यावर सुईवर आली. पहिली सुई त्यानेच दिली आणि तेव्हापासून प्रत्येक सुई त्यानेच दिली आहे. तिच्या शिरा बारीक आहेत, स्वतःच्या हाताने त्या तिला सापडत नाहीत. आधी तो घेतो, कारण टर्की लागलेली असताना, म्हणजे माल न मिळाल्याचा त्रास सुरू झालेला असताना, अंग कापत असताना, दुसऱ्याच्या शिरेत सुई घालता येत नाही. त्याचं झालं, हात स्थिर झाला, की तीच सिरिंज पाण्याने दोनदा खंगाळून तो तिला टोचतो.

हा क्रम जुलमाने लादलेला नाही. तिला दुखू नये, शीर फुटू नये म्हणून तो जपून टोचतो आणि तिला ते कळतं. पण संसर्गाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की त्याच्या रक्तात जे असेल ते रोज तिच्या शिरेत जाणार. जोडीदाराच्या हातून आणि जोडीदाराच्या नंतर टोचून घेणं हे सुई घेणाऱ्या बायकांच्या बाबतीत वेगवेगळ्या देशांत दिसलेलं आहे, आणि त्यांचा धोका वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे.

फॉर्मवरची उत्तरं

ती केंद्रात आली ती कोपराजवळ झालेल्या गळवासाठी. परिचारिकेने गळू फोडून पू काढला, ड्रेसिंग केलं. तोवर ताई तिच्याशी बोलत बसल्या. छापील फॉर्मवर प्रश्न होता: सुई दुसऱ्यांबरोबर शेअर करता का? तिने चटकन सांगितलं, नाही. कंडोम वापरता का? हो.

तेवढ्यावर फॉर्म मिटला असता तर ती कमी धोक्याच्या रकान्यात गेली असती. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुला टोचतं कोण?"

"माझा माणूस. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही घेत मी."

"आणि सिरिंज?"

"ती एकच असते. पण ताई, आम्ही दोघंच आहोत ना."

कंडोमचंही तसंच निघालं. हातात पैसे नसले की काही दिवस ती बाहेरच्या पुरुषांबरोबर जाते. त्यांच्याशी कंडोम बहुतेक वेळा असतो. घरच्या माणसाशी कधीच नाही. "त्याला कंडोम लाव म्हटलं तर तो विचारेल, मी काय गिऱ्हाईक आहे का?" तिने फॉर्मवर खोटं काही सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबात शेअर करणं म्हणजे परक्याची सुई घेणं, आणि कंडोम म्हणजे परक्यासाठीची वस्तू. जवळचा माणूस या दोन्हींत बसत नाही. माझ्या मते या क्षेत्रातल्या प्रत्येक फॉर्मवर "शेअर करता का" याच्या जागी "कोण टोचतं, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर" असे प्रश्न यायला हवेत.

ती एकटी असतानाच ताईंनी आणखी एक विचारून घेतलं: त्याला राग आला की काय होतं? माल कमी पडला होता तेव्हा त्याने एकदा ढकललं होतं, एकदा भांडी फेकली होती. मारहाण नाही, असं ती म्हणाली. काही झालंच तर कुठे जाशील, यावर तिने एका मैत्रिणीचं घर सांगितलं. हे बोलणं पुढे फार उपयोगी पडलं.

तपासण्या झाल्या. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, सिफिलिस पॉझिटिव्ह. गर्भचाचणीला ती तयार नव्हती. चार महिने पाळी आलेली नाही, आपल्याला आता दिवस राहणारच नाहीत, असं ती धरून चालली होती. अफूवर्गातली द्रव्यं मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश दाबून टाकतात, त्यामुळे पाळी लांबते किंवा थांबते. पण बीज मधूनच कधीही तयार होऊ शकतं आणि ते पाळीच्या आधी तयार होतं, म्हणजे कळायला वाव नसतो. पाळी नाही म्हणून गर्भनिरोधक नको, या समजुतीने कित्येक जणींना दिवस गेलेले आहेत. तिची चाचणी निगेटिव्ह आली.

निगेटिव्ह एचआयव्ही रिपोर्टही समजून घ्यावा लागतो. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी संसर्गानंतर साधारण १८ ते ४५ दिवसांत तो पकडते. म्हणजे आजचा निगेटिव्ह रिपोर्ट दीड महिन्यापूर्वीपर्यंतची खात्री देतो, काल सकाळच्या सुईची नाही.

सिफिलिससाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. जोडीदारावरही उपचार व्हावे लागतात, नाहीतर आजार त्याच्याकडून पुन्हा तिच्याकडे येतो. त्याच निमित्ताने, "तुलाही इंजेक्शन घ्यायचंय" असं सांगून, तिने त्याला पाठवलं.

बहात्तर तास

तो दोन दिवसांनी एकटाच आला. एचआयव्ही पॉझिटिव्ह. एका चाचणीवर निदान करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळ्या तीन चाचण्या एकामागून एक करून ते पक्कं केलं. हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांची चाचणीही पॉझिटिव्ह. ताईंनी रिपोर्ट सांगितल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तिला सांगू नका."

ताईंनी "का?" असं विचारण्याआधी दुसरंच विचारलं: तिला शेवटचं कधी टोचलंस?

"आज सकाळी."

इथून घड्याळ चालू झालं. एचआयव्हीचा विषाणू शरीरात गेला असण्याची शक्यता असेल तर २८ दिवसांचा औषधांचा कोर्स देऊन संसर्ग रुजण्याआधीच थोपवता येतो. त्याला पेप म्हणतात. तो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवा, आणि जितका लवकर तितका चांगला. धोका किती मोठा? अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने दिलेल्या अंदाजांनुसार, समोरच्याला एचआयव्ही असताना आणि तो औषधांवर नसताना, सुई वाटून घेतल्यास दर १०,००० वेळांमागे सुमारे ६३ वेळा संसर्ग होतो. योनीमार्गे संबंधात स्त्रीसाठी हाच आकडा सुमारे ८ आहे. दिवसातून दोन-तीनदा टोचणाऱ्या घरात ६३ हा आकडा किती लवकर भरत जातो ते सांगायला नको. लागण ताजी असेल तर रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि धोका याहूनही वाढतो.

आता ताईंसमोर पेच होता. तिला वाचवायचं तर आज औषध सुरू व्हायला हवं, आणि त्याने गुपित ठेवायला सांगितलं आहे. पुष्कळांचं मत पडेल की अशा वेळी सरळ सांगून टाकावं, जीव महत्त्वाचा. मला ते पटत नाही. ज्या केंद्रातून एक रिपोर्ट फुटतो तिथे दुसऱ्या आठवड्यापासून तपासणीला कुणी येत नाही. नशा करणाऱ्यांमध्ये अशी बातमी दिवसभरात सगळीकडे होते. शिवाय तिची पुढची सुरक्षितता त्याने उपचार घेण्यावर अवलंबून आहे, आणि ज्याचा विश्वास मोडला तो औषध घ्यायला पुन्हा येईलच असं नाही.

ताईंनी काढलेली वाट अशी. तिने स्वतःच दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं की ती दुसऱ्याच्या वापरलेल्या सिरिंजने टोचून घेते. तेवढ्या एका गोष्टीवर, त्याच्या रिपोर्टचा एक शब्दही न उच्चारता, तिला पेप देऊ करता येतो. म्हणजे तो बोलला नाही तरी तिचं दार बंद होत नव्हतं. आणि त्याला त्यांनी मुदत दिली ती आज संध्याकाळची. "तू सांग. मी शेजारी बसते. शब्द सापडले नाहीत तर तुझ्या परवानगीने मी सांगते." जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शिफारस केलेली, जोडीदाराला कळवण्यासाठी मदत करण्याची पद्धत हीच आहे. तिचा पाया म्हणजे कळवणाऱ्याची राजीखुशी.

मग त्याची भीती बाहेर आली. ती सोडून जाईल. आणि दुसरी, जास्त खोल: हे तिनेच बाहेरून आणलं असेल, आणि तसं निघालं तर आपण काय करू हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. ताईंना तिचा निगेटिव्ह रिपोर्ट माहीत होता. एका वाक्यात त्याचा संशय मिटला असता. पण तो रिपोर्ट तिचा होता, त्यामुळे त्या गप्प राहिल्या. ढकलल्याची हकीकतही त्यांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी त्याला स्पष्ट विचारलं: हात उचलशील का? तो बराच वेळ खाली बघत राहिला, मग म्हणाला, "टर्कीत असलो तर माझा भरवसा नाही."

हे प्रामाणिक उत्तर होतं आणि त्यावरून वेळ ठरली. दोघांनाही टर्की नसेल अशा वेळी, केंद्रातच, परिचारिका शेजारच्या खोलीत असताना. म्हणजे उघड सांगायचं तर दोघांनी माल घेतल्यानंतर. काही वाचकांना हे खटकेल. पण टर्की लागलेल्या माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही, आणि ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याला तशा अवस्थेत असं काही सांगायला बसवणं धोक्याचं आहे. मात्र त्यासाठी केंद्रातून दोन नव्या सिरिंज दिल्या गेल्या आणि आजची सुई वेगळी हवी हे त्याच्याकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी तो बोलला. तीनच शब्द, मान वर न करता: "मला एचआयव्ही निघालाय."

ती त्याच्याकडे नाही, ताईंकडे वळली. "म्हणजे आता मला टोचणार कोण?"

या प्रश्नावर हसणारे किंवा चिडणारे लोक मी पाहिले आहेत. मला तो या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. आजार पुढच्या वर्षांत कधीतरी येणार; टर्की उद्या सकाळी येणार. जी बाई स्वतःला टोचू शकत नाही तिच्या हातात सुई निवडण्याचा अधिकारच नसतो. तिला "स्वतःची वेगळी सुई वापर" असं सांगणं म्हणजे ज्याच्या हातात सुई आहे त्याच्याशी भांड, असं सांगणं. आणि तो हात तिला हवा आहे.

मग दोषारोप आलेच. तू आणलंस की मी? ती म्हणाली, "माझा तर निगेटिव्ह आलाय परवा." त्यावर तो गप्प झाला. ताईंनी निवाडा करायचं नाकारलं आणि गोळ्या काढल्या: टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्युटेग्राविर, दिवसातून एकदा, २८ दिवस. तिने पहिला डोस तिथेच घेतला.

घरातल्या घरात

जवळच्या माणसांच्या वर्तुळात सुई फिरली की काय होतं, याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी नावाचा छोटा ग्रामीण भाग. तिथे एचआयव्हीचे रुग्ण क्वचित सापडायचे. २०१४ च्या अखेरीस तिथे उद्रेक सुरू झाला आणि वर्षभरात १८० हून अधिक जणांना लागण झाल्याचं आढळलं. बहुतेक जण ऑक्सिमॉर्फोन हे वेदनाशामक टोचून घेत होते. तपास करणाऱ्यांना एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या एकत्र टोचताना आढळल्या. लागण झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना हिपॅटायटिस सीही होता. त्या राज्यात तोवर सुई-बदल केंद्रांना कायद्याने मुभा नव्हती. मार्च २०१५ मध्ये आणीबाणीचा आदेश काढून ती द्यावी लागली. सुई-बदलाची कल्पना तेव्हा तीस वर्षं जुनी होती: १९८४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने हिपॅटायटिस बी रोखण्यासाठी ती सुरू करायला लावली होती.

दोघांची योजना

केंद्रातल्या बैठकीत एका सहकाऱ्याने सुचवलं की या दोघांना वेगळं करावं, तिच्यासाठी निवारा शोधावा. तिने मागितला असता तर शोधायलाच हवा होता. पण तिने तो मागितला नव्हता. आणि एकत्र राहण्यात एक संरक्षणही आहे, ते विसरून चालत नाही: एकट्याने टोचणाऱ्याला ओव्हरडोस झाला तर श्वास देणारं, नॅलोक्सोन हे ओव्हरडोसवरचं औषध देणारं कुणी नसतं. दोघांना नॅलोक्सोन कसं द्यायचं ते शिकवलं आणि एक-एक संच दिला.

त्याची एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी औषधं, त्याच आठवड्यात सुरू झाली आणि दोघांची मेथाडोन चिकित्सा एकाच दिवशी. हे "एकाच दिवशी" मुद्दाम. एकजण मेथाडोनवर आणि दुसरा सुईवर असं झालं की घरात माल येतच राहतो, आणि पहिला फार दिवस टिकत नाही. अफूवर्गीय द्रव्यांच्या जागी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणारी ही चिकित्सा घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची लागण जवळपास निम्म्याने कमी असते, असं २०१२ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलं. एआरटीची औषधं निवडतानाही याचा विचार लागतो. एफाविरेन्झसारखं औषध मेथाडोनची रक्तातली पातळी खाली आणतं. माणसाला टर्की लागते, तो एआरटीला दोष देतो आणि गोळ्या सोडतो. डोल्युटेग्राविरमुळे तसं होत नाही.

तिचा पेपचा कोर्स संपल्यावर पुन्हा तपासणी केली, निगेटिव्ह आली, आणि खंड न पाडता तिला प्रेप सुरू केलं, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी रोज घ्यायची गोळी. टोचून घेणाऱ्यांमध्येही तिचा उपयोग होतो हे बँकॉकमधल्या अभ्यासातून दिसलं आहे: २,४१३ जणांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, आणि गोळी दिलेल्या गटात लागण सुमारे ४९ टक्क्यांनी कमी होती. नियमाने घेणाऱ्यांमध्ये त्याहून कमी. संबंधांच्या आगेमागे तेवढ्यापुरती गोळी घेण्याची पद्धत काही पुरुषांसाठी आहे. बायकांसाठी नाही आणि सुईच्या धोक्यासाठीही नाही. तिला रोजच घ्यावी लागणार होती. गोळीची वेळ तिने मेथाडोनच्या रांगेला जोडून घेतली, त्यामुळे ती फारशी चुकली नाही.

कंडोमवर एक अख्खी भेट गेली. त्याची खरी अडचण "गिऱ्हाईक" या शब्दात नव्हतीच. बरीच वर्षं हेरॉइन घेतल्यावर पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी होतं, इच्छा मंदावते, ताठरता टिकत नाही. कंडोम घालेपर्यंत सगळं ओसरतं आणि मग लाज वाटते. त्याने हे तिच्यासमोर सांगितलं नाही, एकट्याच्या भेटीत सांगितलं. ज्याला असं होतं त्याला कंडोमचं प्रात्यक्षिक दाखवून काय होणार? ताईंनी बायकांनी वापरायचा कंडोम सुचवला, जो आधीच बसवून ठेवता येतो आणि ताठरतेवर अवलंबून नसतो. तिला तो आवडला. बाहेरच्यांसाठीही ती तो नेऊ लागली.

राहिला तिच्या त्या प्रश्नाचा निकाल. परिचारिकेने तिला स्वतःची शीर शोधायला शिकवलं. नशा शिकवता का, असा आक्षेप यावर येतो. ती तीन वर्षं रोज घेतच होती. फरक एवढाच पडला की सुई तिच्या हातात आली.

सहा महिन्यांनंतर

सहाव्या महिन्यात त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली आला. त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला होता, आणि तो खरोखर मोठा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात ८८८ जोडप्यांनी सुमारे ५८,००० वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले. एकाला एचआयव्ही असूनही, विषाणू दबलेला असल्यामुळे, एकाही जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाली नाही. आपल्यापासून तिला आता धोका नाही, हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट झोपला, असं तिने सांगितलं.

तिची एचआयव्ही चाचणी पुन्हा निगेटिव्ह होती. पण हिपॅटायटिस सीचा विषाणू तिच्या रक्तात निघाला.

स्त्री-पुरुषांच्या स्थिर जोडप्यात हिपॅटायटिस सी संबंधांतून सहसा पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. बाहेरच्यांकडून आला असण्याची शक्यता कमीच. ती बाहेर टोचत नव्हती. तिने शपथेवर सांगितलं, सुई वेगळीच होती. दोघांचीही. ताईंनी तिला एक सिरिंज, एक चमचा, पाणी आणि कापूस समोर ठेवून, घरी कसं करता ते पावडरीशिवाय करून दाखवायला सांगितलं.

तिने करून दाखवलं. पुडी एकच, दोघांच्या पैशांतून घेतलेली. ती एका चमच्यात विरघळवायची. त्याने आपल्या सिरिंजने सगळं ओढून घ्यायचं, रेघा बघून बरोबर अर्धं करायचं, आणि अर्धं तिच्या सिरिंजमध्ये मागच्या बाजूने सोडायचं. कुणाला थेंबभरही जास्त नको. पावडर डोळ्यांनी सारखी वाटता येत नाही. सिरिंजवर रेघा असतात, म्हणून हाच सगळ्यात न्याय्य मार्ग. त्याची सिरिंज त्याने सकाळी वापरलेली असायची. तिच्या सुईला त्याची सुई कधी लागली नाही, आणि तरीही त्याचं रक्त चमच्यातून, कापसातून, त्या वाटपातून तिच्यापर्यंत येत होतं. हा विषाणू चिवट आहे. प्रयोगशाळेत तो सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे.

एचआयव्ही तिच्यापर्यंत आला नाही, कारण त्याचा विषाणू दबलेला होता आणि तिच्या रक्तात प्रेप होतं. यांतली कुठलीच गोष्ट हिपॅटायटिस सीला अडवत नाही. तो तर असंही धरून चालला होता की व्हायरल लोड दिसत नाही म्हणजे सगळंच सुरक्षित. "दिसत नाही म्हणजे लागत नाही" हे लैंगिक संबंधांपुरतं सिद्ध झालेलं आहे. सुई-चमच्यासाठी तशी खात्री देता येत नाही, आणि सल्ला देणाऱ्याने हे दोन्ही एकाच दमात सांगायला हवं.

मेथाडोन चालू असताना ते टोचत का होते, हा प्रश्न उरतोच. उत्तर साधं निघालं. त्यांचा डोस सुरुवातीच्या पातळीवरच राहिला होता, कुणी वाढवलाच नव्हता. बहुतेकांना ६० ते १२० मिलिग्रॅम लागतात. हे दोघं त्याच्या बरेच खाली होते. संध्याकाळ झाली की अंग मोडून यायचं आणि एक पुडी यायची. डॉक्टरांनी डोस बेताबेताने वाढवला. त्यानंतर संध्याकाळची पुडी आठवड्यातून एखादी झाली.

त्याच्या हिपॅटायटिस सीवर उपचार आधीच का झाले नाहीत, हे मला लिहायलाच हवं. एका तज्ज्ञाने "नशा पूर्ण सुटली की बघू" असं सांगून त्याला परत पाठवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत अशी अट नाही. चालू असलेली नशा हे औषध नाकारण्याचं कारण नाही. १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. त्या सहा महिन्यांत त्याला त्या मिळाल्या असत्या तर तिला लागण झाली नसती. ज्या आजाराचा स्रोत घरातच आहे आणि ज्यावर गोळी उपलब्ध आहे, तिथे माणूस आदर्श होण्याची वाट बघणं मला अक्षम्य वाटतं.

या वेळी दोघांना सोफोस्बुविर आणि वेल्पाटास्विर एकाच दिवशी सुरू झालं. एकजण आधी बरा झाला तर दुसऱ्याकडून त्याला पुन्हा लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सी एकदा होऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही आणि त्यावर लस नाही. हिपॅटायटिस बीवर आहे, ती दोघांना दिली. वाटपाची पद्धतही बदलली: दोघांचे चमचे वेगळे, पाणी वेगळं, पावडर कोरडी असतानाच दोन भाग, आणि अर्ध्यावरून वाद होणारच असेल तर मोजायला दर वेळी नवी, कोरी सिरिंज. पहिल्या आठवड्यात वाद झाला. तो सिरिंजने मिटला.

तिचं प्रेप चालू ठेवलं आहे. त्याचा विषाणू दबलेला असला तरी बाहेरचे पुरुष आहेत. त्याला हे कळतं, तो त्यावर बोलत नाही, आणि ताई ते त्याच्यासमोर कधी काढत नाहीत.

मेथाडोनचा डोस बसल्यावर तिची पाळी परत आली. त्याची इच्छाही परत आली, थोडी. एकटीच्या भेटीत तिने विचारलं, मूल होऊ शकेल का, आणि ते निरोगी असेल का. त्याच्याशी बोललीस का, असं ताईंनी विचारलं. नाही, तो घाबरेल, असं ती म्हणाली. त्याच पंधरवड्यात त्यानेही एकट्याच्या भेटीत हाच प्रश्न विचारला होता, आणि तिला सांगू नका, तिला आशा लागेल, असं बजावलं होतं. ताईंना एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यांनी दोघांकडे वेगवेगळी एकच परवानगी मागितली: पुढच्या एकत्र भेटीत "मूल" हा विषय मी माझ्या बाजूने काढू का? दोघांनीही हो म्हटलं आहे.

त्या भेटीसाठी ताईंनी काढलेलं टिपण असं आहे. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या पूर्ण होऊन, त्यानंतर १२ आठवड्यांनी विषाणू नाही हे तपासेपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवायचं. त्याचा व्हायरल लोड पुन्हा मोजायचा. तिचं प्रेप गर्भारपणातही घेता येतं. दिवस राहिले तर मेथाडोन अचानक सोडायचं नाही; टर्की गर्भाला मेथाडोनपेक्षा जास्त धोक्याची आहे, आणि बाळाला जन्मानंतर काही दिवस देखरेखीखाली ठेवावं लागेल. सिफिलिसची चाचणी दोघांची पुन्हा. फॉलिक अ‍ॅसिड आत्तापासून.